रद्दीचा भाव

दोन वर्षांपूर्वी इंदूरचं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा भावाने एक बाई ठरवल्या. घर आवरून देणं हा त्यांचा व्यवसाय. त्याला आता मान आहे, ताशी दर आहे. बाई वेळेवर आल्या, हातमोजे चढवले आणि दिवाणखान्याच्या फरशीवर चिकटपट्टीने तीन चौकोन आखले. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. माळ्यावरून प्रत्येक गाठोडं खाली आलं की त्या विचारत, "दीदी, ये कब देखा था आख़िरी बार?" मी खरं तेच सांगत होते आणि गाठोडं तिसऱ्या चौकोनात जात होतं. आईच्या हिशेबाच्या वह्या, आजोबांचे तांबड्या रुमालात बांधलेले मोडी कागद, काकांचे दिवाळी अंक. सगळं मिळून २९ किलो भरलं. रद्दीवाल्याकडून पैसे मी स्वतः मोजून घेतले, तेव्हा दोष कोणाला द्यायचा तर आधी मला.

पण मला ज्या शहाणपणाने हे करायला लावलं, त्याच्याशी माझं भांडण आहे. मारी कोंडो यांचं पुस्तक जपानीत २०११ साली आलं, इंग्रजीत २०१४ साली, आणि २०१९च्या जानेवारीत नेटफ्लिक्सवरची मालिका आल्यापासून ते आपल्याकडच्याही घरांत शिरलं. वस्तू हातात घ्या, मनात आनंद चमकतो का पाहा, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्या. आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागद. कागदांबाबत तर त्यांचं मूळ धोरणच सगळे टाकण्याचं. ठेवायचे ते अपवाद. (२०२३ साली, तिसरं मूल झाल्यावर, आपण आवराआवर बरीचशी सोडून दिल्याचं त्यांनीच सांगितलं. तेव्हापासून मला त्या बऱ्या वाटू लागल्या आहेत.)

कपड्यांना ही कसोटी खुशाल लावा. पण आजोबांचा मोडी कागद मी हातात घेतला तेव्हा मला काहीच वाटलं नाही, कारण मला मोडी वाचता येत नाही. माझ्या अज्ञानाची शिक्षा मी कागदाला दिली. कागद कोणासाठी असतो? पुष्कळदा अजून न आलेल्या वाचकासाठी. त्याचा आनंद आज माझ्या हातात कसा चमकणार?

वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला. पुढे खंड बावीस झाले. ते कागद आले कुठून? वाड्यांच्या माळ्यांवरून, पेटाऱ्यांतून, ज्यांच्या मालकांना त्यांचा काडीचाही उपयोग नव्हता अशा घरांतून. तिकडे तमिळमध्ये उ. वे. स्वामिनाथ अय्यर घरोघर, मठोमठ हिंडून ताडपत्रं मिळवत होते, म्हणून 'पुरनानूरु' १८९४ साली छापलं गेलं. आणि बहिणाबाई चौधरी? त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या म्हणत ते घरातल्या मुलांनी वहीत उतरवून घेतलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, सोपानदेवांनी ती वही अत्र्यांना दाखवली आणि पुढच्याच वर्षी पुस्तक आलं. मधल्या काळात ती वही घरात नुसती पडून होती. आमच्या बाई तिथे पोचल्या असत्या तर तिचं वजन पाव किलो भरलं असतं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांचं तर आणखी अवघड आहे. तंजावरच्या राजांचे मोडी कागद सरस्वती महालात सांभाळले गेले, ते राजांचे होते म्हणून. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या कारकुनांचे, शिक्षकांचे आणि त्यांच्या बायकांचे कागद कोणत्या महालात जाणार? त्यांचं संग्रहालय म्हणजे माळा. "इंटरनेटवर सगळं मिळतं," असं मला त्या दिवशी तीनदा ऐकवलं गेलं. आईच्या वह्या मिळत नाहीत, मी शोधून पाहिलं. "लागलं तर पुन्हा घेता येईल" हा धीरही ज्याच्या खिशात पैसे आहेत त्यालाच देता येतो, तोसुद्धा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंपुरताच.

माझ्या वहिनीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ती म्हणते, वन्सं, जपायचं तुम्ही लिहिता, झाडायचं मी. बरोबर आहे. आमच्या घराण्यात पुरुषांनी जमवलं आणि बायकांनी चाळीस वर्षं त्याच्यावरची धूळ पुसली, वाळवी लागली तेव्हा उन्हातही त्यांनीच घातलं. फुटक्या बादल्या, झाकणं हरवलेले डबे, जुन्या गाद्या तिने टाकल्या तर मी हुं की चूं करणार नाही. दर दिवाळीच्या आधी हे आपल्या घरांत होतच आलं आहे, त्यासाठी कोणाला ताशी पैसे देऊन बोलवावं लागत नव्हतं. आणि मराठीत अडगळीला स्वतःची खोली असायची. नेमाड्यांनी तर कादंबरीच्या नावातच अडगळीला समृद्ध म्हटलं. आता दोन बेडरूमच्या घरात ती खोली नाही हे मला कळतं. पण मग जागा नाही असं म्हणा. जागा नसणं ही अडचण आहे. तिला मनःशांतीचं, साधेपणाचं नाव देऊन वर पुण्य कशाला पदरात पाडून घ्यायचं?

इंदूर आमचं स्वच्छतेत वर्षानुवर्षं देशात पहिलं येतं. मला त्याचा अभिमान आहे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत दारात येते, ओला वेगळा, सुका वेगळा. कागद सुक्यात.

घराचा ताबा देण्याच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरातला चमच्यांचा खण पुसायला घेतला. तळाशी आईने कागद अंथरला होता, तिच्याच वहीतला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी, ४३ नावं. मराठी आडनावांच्या मधे दोन गुजराथी, एक सिंधी, आणि एका ओळीत नुसतं "नळाजवळच्या नव्या बाई". खाली लिहिलं होतं: वाणाला चहाच्या गाळण्या, साडेतीन डझन, एक कमी पडली.

ती कोणाला कमी पडली आणि मग आईने काय केलं, हे पुढच्या पानावर असणार. किंवा पुढच्या संक्रांतीच्या यादीत. रद्दीवाल्याकडे गेले तेव्हा आठ महिने झाले होते. त्याने मला ओळखलं, चहा दिला, आणि लगदा कुठल्या गिरणीत जातो ते सांगितलं.