गावाचा हिशेब कोण ठेवणार?

२००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे सोळा टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. २०११ला इथे हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. हे काही मुलींचं प्रमाण सुधारल्याचं लक्षण नाही. पुरुष बाहेर आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

माझं गाव याच जिल्ह्यात, खाडीकाठी. बाहेर जाणं आम्हा कोकणी मुसलमानांना नवं नाही. दाभोळ बहामनी आणि आदिलशाही काळात मोठं बंदर होतं. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ते जाळलं. पुढे इंग्रजांच्या आगबोटींवर आमच्याकडचे खलाशी होते. कोकणातले काहीजण तर थेट केपटाऊनला जाऊन वसले. १९७३नंतर तेलाच्या किमती वाढल्या आणि आखाताची दारं उघडली.

फरक एवढाच, की पूर्वी पुरुष जायचा आणि घर गावात राहायचं. आता बायकामुलंही मुंब्र्याला, नवी मुंबईला, दुबईला जातात. मोहल्ल्यात टाइल्स लावलेले दुमजली बंगले आहेत, आणि त्यांना कुलपं. राहतात ती म्हातारी माणसं. जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट वीसच्या खाली गेला की शाळा राहणार की जाणार, याची चर्चा सुरू होते.

पण गाव रिकामं झालेलं नाही. आंब्याच्या बागा नेपाळी राखणदार सांभाळतात. गवंडी उत्तर प्रदेशचे, आमच्या मशिदीतले पेश इमाम बिहारचे. जमातीच्या बैठकीत मात्र हे सगळे ‘बाहेरचे’. मला विचारायचं आहे, दुबईत आपण कोण असतो?

माझा आक्षेप स्थलांतराला नाही. मी स्वतः पुण्यात नोकरी करतो. आक्षेप आहे तो गावाचे निर्णय मुंबई आणि आखातातून फोनवर होण्याला. पैसा पाठवणाऱ्याचा आवाज मोठा. नळाला पाणी नाही म्हणून हंडा उचलणाऱ्या चाचीला बैठकीत जागाच नाही. म्हणून कमानीला वर्गणी जमते, शाळेच्या छपराला जमत नाही.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणूस राहतो तिथे मोजला जाईल आणि आपल्यापैकी बरेचजण गावात मोजले जाणार नाहीत. ते योग्यच आहे. मग गावाच्या कारभारातही राहणाऱ्यांचा शब्द आधी असायला हवा, बायकांचा आणि त्या ‘बाहेरच्यां’चाही.

आपण तरुणांनी दोन कामं करावीत. आजोबांच्या नावावर पडून असलेल्या सातबाऱ्यावर वारसनोंद करताना बहिणींची नावं गाळू नयेत; कायद्याने आणि शरीयतनेही त्यांचा हिस्सा आहे. आणि या ईदला गावी गेल्यावर म्हाताऱ्यांकडून घराघराची माहिती लिहून घ्यावी: कोण कधी गेलं, कुठे गेलं, त्या घरात आज कोण राहतं. त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, शंभर पानी वही पुरते. सांगणारी माणसं मात्र दरवर्षी कमी होत आहेत.