विश्लेषण : कुरुळीतला हिवाळी वाफा एप्रिलमध्ये का सुकतो?

थंडीत मेथी-पालक कोणीही पिकवेल, कस लागतो तो उन्हाळ्यात. भाडेकरू कामगाराच्या वाफ्याला त्यासाठी बियाण्याआधी दोन गोष्टींची हमी हवी : पाणी आणि मुदत.

भोगीच्या भाजीला लागणारे जवळपास सगळे जिन्नस हिवाळ्यात एका लहानशा वाफ्यात पिकू शकतात. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभऱ्याचे घाटे यांना ही हवा मानवते. मोशी ओलांडून पुणे-नाशिक महामार्गाने चाकणकडे जाताना लागणाऱ्या खेड तालुक्यातील कुरुळीत त्यासाठी जागाही डोळ्यांसमोर असते. औद्योगिक पट्ट्यातल्या या गावांत कुंपण घातलेले आणि बांधकामाची वाट पाहणारे प्लॉट ठिकठिकाणी दिसतात. पावसाळ्यात त्यांत गाजर गवत वाढते, उन्हाळ्यात कचरा साठतो.

त्याच प्लॉटशेजारच्या चाळींमध्ये मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेले कामगार भाड्याने राहतात. त्यांतल्या अनेकांचे घर शेतकऱ्याचे आहे. खुरपे कसे धरायचे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. तरीही कोणी हौसेने वाफा केलाच, तर तो दिवाळीनंतर हिरवा होतो आणि मार्चअखेरीस ओस पडतो. असे का होते?

थंडीत भाजी सोपी का?

हिवाळ्यात बाष्पीभवन कमी असते, तण हळू वाढते आणि पालेभाज्या लवकर फुलोऱ्यावर जात नाहीत. मेथी साधारण २५ ते ३० दिवसांत उपटायला येते. पालकाची पहिली कापणी महिनाभरात होते. कोथिंबिरीला ३५ ते ४५ दिवस लागतात, मुळ्याला ४० ते ४५. एखादे पाणी चुकले तरी पीक सावरते. दर आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या कामगाराला ही सवलत मोठीच असते.

मात्र या सोपेपणामुळे एक आर्थिक प्रश्न झाकला जातो. घरचा वाफा भरात असतो तेव्हा बाजारातही भाजी भरपूर असते. मेथीची जुडी सर्वांत स्वस्त असते, त्याच दिवसांत ती घरीही पिकते. त्यामुळे हिवाळी वाफ्यातून ताजी भाजी आणि समाधान मिळते, पैसे फारसे वाचत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पालेभाज्यांची आवक घटते, दर चढतात, आणि तेव्हा कुटुंबाला वाफ्याचा खरा उपयोग होतो. नेमका त्याच वेळी तो सुकलेला असतो.

जानेवारीत वाफ्यात काय पाहावे?

पहिले काम पाने उलटून पाहण्याचे. ढगाळ हवेत कोबी, फ्लॉवर, मोहरीवर मावा झपाट्याने वाढतो. वाटाण्यावर पांढरी भुरी दिसू लागते. सुरुवातीलाच रोगट पाने काढली, पिवळे चिकट सापळे लावले आणि ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारला, तर घरच्या वाफ्यात मावा बहुधा आटोक्यात राहतो. कोबीच्या कडेने मोहरीची ओळ लावण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे. चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोबी सोडून मोहरीकडे ओढला जातो.

दुसरे काम विरळणीचे. दाट उगवलेले गाजर आणि मुळा विरळ केले नाहीत, तर पाला भरघोस येतो आणि खाली बोटभर कंद राहतो. उपटलेली कोवळी रोपे भाजीत वापरता येतात.

तिसरे काम पाण्याच्या वेळेचे. पालेभाज्यांना सकाळी पाणी द्यावे. रात्रभर पाने ओली राहिली की रोग वाढतात. पारा फारच घसरणार असेल, तर त्या संध्याकाळी मुळाशी हलके पाणी दिल्याने जमिनीतली ऊब टिकायला मदत होते.

उन्हाळ्याचा निर्णय जानेवारीतच का?

भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, कारले ही उन्हाळी भाजी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत लावतात. भेंडीचे बी गार जमिनीत नीट उगवत नाही. म्हणून थंडी ओसरू लागताच, बी रात्रभर भिजवून टोकणी करावी. वेलभाज्यांची रोपे जानेवारीच्या मध्यापासून कागदी कपात तयार करता येतात. दिवसा त्यांना ऊन द्यायचे, रात्री झाकायचे आणि दोन-तीन खरी पाने आली की वाफ्यात लावायची. भेंडी आणि काकडी साधारण दीड महिन्यात सुरू होतात, दुधीला दोन महिने किंवा थोडे अधिक लागतात. एप्रिलमध्ये भाजी हवी असेल तर फेब्रुवारी संपेपर्यंत रोपे जमिनीत हवीत.

त्यासाठी आधी वाफा रिकामा होईल, अशी आखणी लागते. मेथी उपटलेल्या जागेत शेणखत मिसळून भेंडी लावता येते. वाटाणा निघाला की त्या जागी काकडी येते. वाटाण्याच्या मुळांवरच्या गाठींमध्ये नत्र असते, म्हणून झाड उपटू नये, जमिनीलगत कापावे. कोबीनंतर पुन्हा कोबीवर्गीय पीक घेऊ नये, कारण त्याच किडींना तयार अन्न मिळते.

पाण्याचा हिशेब कसा बसतो?

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कुटुंबापुरता पाव गुंठ्याचा वाफा धरू, म्हणजे सुमारे २५ चौरस मीटर. थंडीत पिकाला दिवसाला साधारण ३ मिलिमीटर पाणी पुरते, असे मानले तर ७५ लिटर लागतात. दहा लिटरच्या सात-आठ बादल्या झाल्या. एप्रिल-मेच्या उन्हात ही गरज ७ मिलिमीटरच्या आसपास जाते. तेव्हा त्याच वाफ्याला रोज १७५ लिटर लागतात, म्हणजे सतरा-अठरा बादल्या. महिन्याचे सव्वापाच हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचा टँकर गृहीत धरला, तर अर्धा टँकर एका कुटुंबाच्या भेंडी-गवारीला. हे परवडणारे नाही आणि योग्यही नाही.

हाच हिशेब उलटा मांडला की मार्ग दिसतो. हिवाळ्यातल्या ७५ लिटरमध्ये उन्हाळ्यात सुमारे ११ चौरस मीटर भिजते. याचा अर्थ उन्हाळ्यात वाफा निम्म्याहून कमी करायचा. एका बाजूला दुधी-दोडक्याचा मांडव, त्याच्या सावलीत थोडी कोथिंबीर आणि पालक, शेजारी भेंडी-गवारीच्या दोन ओळी. जमिनीवर पाचट किंवा वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन घातले की पाणी आणखी वाचते. उरलेली जमीन ओली करून तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे घट्ट अंथरले, तर उन्हाने तापून तणाचे बी आणि काही रोगजंतू मरतात. ही जागा पावसाळ्यासाठी तयार होते. वाफा लहान करणे हाच उन्हाळी नियोजनाचा गाभा आहे. बहुतेक जण हिवाळ्याइतकाच वाफा एप्रिलमध्ये जगवायला जातात आणि पंधरा दिवसांत हात टेकतात.

पाणी कोणते, हा प्रश्न का महत्त्वाचा?

या पट्ट्यात मिळेल ते पाणी पिकाला घालणे धोक्याचे आहे. इंद्रायणीच्या प्रदूषणाची चर्चा आळंदीत नदीवर फेस दिसला की दरवेळी होते. सांडपाण्यात आणि कारखान्यांलगतच्या मातीत जड धातू असू शकतात, आणि पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम, शिसे पानांत साठवतात. धुतल्याने ते जात नाहीत. त्यामुळे मोकळ्या प्लॉटवर पूर्वी राडारोडा, तेल किंवा कारखान्याचा कचरा पडला होता का, हे आधी विचारायला हवे. शंका असेल तर माती आणि बोअरचे पाणी दोन्ही तपासून घ्यावे. नेहमीच्या मृदा चाचणीत सामू, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्ये कळतात, जड धातूंची तपासणी वेगळी मागावी लागते. भांडी-कपड्यांचे साबणाचे पाणी कोथिंबिरीसारख्या कच्च्या खायच्या भाजीला घालू नये.

जागा रिकामी असूनही मालक ती का देत नाहीत?

यामागे जुनी भीती आहे. १९४८च्या कूळवहिवाट कायद्यानुसार दुसऱ्याची शेतजमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती मालकाच्या कुटुंबातली नसेल आणि मजुरीवरही नसेल, तर ती कूळ मानली जाऊ शकते. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी या कायद्याने असंख्य कसणाऱ्यांना मालकीची वाट खुली केली. तो न्याय मोठा होता. पण त्याची आठवण जमीनमालकांच्या मनात आजही ‘सातबाऱ्यावर नाव लागेल’ अशा धास्तीच्या रूपात आहे. कुरुळीसारख्या ठिकाणी जमिनीची किंमत पाहता मालक चार वाफ्यांसाठी ही जोखीम घेत नाही. फार तर तोंडी ‘करा थोडंफार’ म्हणतो. तोंडी परवानगीवर कोणी मांडवाचे बांबू रोवत नाही. महिन्यात उपटून नेता येईल अशी मेथीच लावतो. हिवाळी वाफा उन्हाळ्यात न जाण्याचे पाण्याइतकेच मोठे कारण हेच आहे.

ही कोंडी धोरणकर्त्यांना माहीत नाही, असे नाही. निती आयोगाच्या टी. हक समितीने २०१६ मध्ये शेतजमीन भाडेपट्ट्याचा आदर्श कायदा सुचवला. मुदत संपताच जमीन आपोआप मालकाकडे परत आणि मुदतीपुरते संरक्षण कसणाऱ्याला, असे त्याचे सूत्र आहे. जमीन हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून राहते.

इतरत्र हे कसे जमले?

ब्रिटनमध्ये १९०८च्या कायद्याने मागणी असल्यास लोकांना भाजीचे वाफे उपलब्ध करण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. तिथला पारंपरिक वाफा सुमारे २५० चौरस मीटरचा, म्हणजे अडीच गुंठ्यांचा. त्याहून शिकण्यासारखी बाब वेगळी आहे. पुढच्या कायद्यांनी अशा वाफ्याची जागा सोडायला लावण्यासाठी साधारणपणे किमान १२ महिन्यांची नोटीस ठरवली, आणि ती ६ एप्रिल ते २९ सप्टेंबर या ऐन पिकाच्या काळात संपता कामा नये, असे बंधन घातले. उभे पीक असताना माणसाला उठवायचे नाही, हे तत्त्व कायद्यात आले.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईच्या लोकलमधून रोज दिसत असे. रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांना रुळांलगतची रिकामी जागा ‘ग्रो मोअर फूड’ योजनेखाली परवान्यावर दिली. मालकी रेल्वेचीच राहिली, जागा अतिक्रमणापासून वाचली, भाजीही पिकली. याच योजनेवर नाल्याच्या पाण्यामुळे वारंवार टीका झाली आहे. कुरुळीने त्यातून दोन धडे घ्यावेत : करार जमला तर जागा मिळते, आणि पाण्याकडे दुर्लक्ष केले तर सगळे वाया जाते.

राज्यात ‘उमेद’ अभियानातून बचतगटांच्या महिलांसाठी पोषण परसबागा उभारल्या जातात. उपक्रम चांगला आहे, पण परसबागेसाठी आधी परस लागतो. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला तो नसतो.

कुरुळीत कुठून सुरुवात करता येईल?

सातबाऱ्याचा प्रश्न जिथे आडवा येत नाही, तिथून. राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या आराखड्यात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. गृहसंकुलांना त्यातला एखादा कोपरा वाफ्यांसाठी ठेवता येईल. कामगारांच्या वसाहती चालवणारे मालक, कारखान्यांचे सीएसआर विभाग आणि ग्रामपंचायत यांनाही हे अवघड नाही. बिगरशेती प्लॉटचे मालक वकिलाच्या सल्ल्याने पानभर परवाना करून घेऊ शकतात. कुंपणाच्या आत कोणी रोज येत-जात असेल, तर कचरा टाकणारे आणि अतिक्रमण करणारे लांब राहतात, हा मालकाचाही फायदा आहे.

त्या पानभर कागदात चार गोष्टी पुरेशा आहेत. मुदत १ ऑक्टोबर ते ३१ मे, म्हणजे रब्बी आणि उन्हाळी दोन्ही हंगाम मिळून. उभे पीक असताना जागा रिकामी करायला न सांगण्याची अट. पाणी कुठले आणि रोज किती लिटर, याची नोंद. आणि जमिनीवर कोणताही हक्क सांगणार नाही, कच्च्या मांडवापलीकडे बांधकाम करणार नाही, ही कसणाऱ्याची हमी.

बारा तासांच्या ड्युटीनंतर वाफा कोण करणार, हा आक्षेप खरा आहे. सगळे करणार नाहीतच. पण दोन-तीन कुटुंबांनी एक वाफा घेतला आणि शिफ्टप्रमाणे पाण्याच्या पाळ्या लावल्या, तर कोणा एकावर भार येत नाही. गावाकडे पाण्याच्या पाळ्या पाहिलेल्यांना हे नवे नाही.

संक्रांतीनंतर कुरुळीतल्या वाफ्यांत मेथी निघत असेल आणि जागा मोकळी होत असेल. तिथे दोडक्याचे बी पडायचे असेल, तर ‘मेपर्यंत ही जागा तुमची’ हे मालकाने जानेवारीतच लिहून द्यायला हवे.