कात्री कुठे लावली?

गेला ऑक्टोबर माझ्या डेस्कटॉपला भोवला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. त्याच महिन्यात एनव्हिडियाने जीटीएक्स १०५० टीआयच्या पिढीतल्या कार्डांना गेमसाठीचे नवे ड्रायव्हर देणं थांबवलं. यापुढे फक्त सुरक्षेपुरती डागडुजी. माझं कार्ड नेमकं तेच. प्रोसेसर आय फाइव्ह ७४००, म्हणजे इंटेलची सातवी पिढी, आणि विंडोज ११ ला किमान आठवी लागते. २०१७ साली लॅमिंग्टन रोडवर दुकानोदुकानी भाव करत एकेक भाग जमवून हे मशीन उभं केलं होतं. ते बिघडलेलं नाही. आजही बटण दाबलं की सुरू होतं. पण मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम आणि कार्ड असं चारही बदलायचं म्हटलं, तर जुन्यातलं उरतं काय? कॅबिनेट आणि त्यावरची धूळ.

सुरक्षेची मुदतवाढ घेऊन वर्षभर ढकलता आलं असतं. पण दुसरंही कारण होतं. आईवडील सांगलीला, मी पुण्याला. महिन्यातला बराचसा काळ तिकडे जातो, आणि कोयना एक्स्प्रेसमध्ये कॅबिनेट घेऊन चढता येत नाही. तेव्हा ठरलं की डेस्कटॉपच्या जागी लॅपटॉप, आणि तो गेमिंगचाच. अंदाज ८० हजारांचा.

दुकानात पहिला प्रश्न आला, "मुलासाठी का सर?" माझ्यासाठीच, म्हटल्यावर तो पोरगा जरा गडबडला. त्याचं बरोबर आहे. पण ज्या पिढीने तासाचे पैसे मोजून सायबर कॅफेत रोड रॅश खेळलं आणि एज ऑफ एम्पायर्सपायी रात्री जागवल्या, ती आता पन्नाशीला टेकली आहे. गुडघे कुरकुरतात म्हणून माउसवरचा हात थांबत नाही.

एवढ्या पैशात सगळं चांगलं असलेला गेमिंग लॅपटॉप कोणतीच कंपनी देत नाही. लिनोवोचा एलओक्यू घ्या, एचपीचा व्हिक्टस, असुसचा टफ नाहीतर एसरचा नायट्रो, या किमतीत प्रत्येकाने कुठे ना कुठे कात्री लावलेली असते. बॉक्सवर ठळक छापतात ते ग्राफिक्स कार्डाचं नाव. कात्री लावलेली जागा छापत नाहीत. आपण शोधायची ती तीच, आणि मग ठरवायचं की तिथलं कमीपण आपल्याला चालणार आहे का.

सुरुवात कार्डापासूनच करू, कारण ते पुढे कधीच बदलता येत नाही. लॅपटॉपमध्ये ते मदरबोर्डवर कायमचं जडवलेलं असतं. रॅम आणि एसएसडी नंतर वाढवाल, कार्ड नाही. साठ-पासष्ट हजारांच्या आसपास 'आरटीएक्स' अशी चमकदार पट्टी लावून आरटीएक्स २०५० किंवा ४ जीबीचा ३०५० खपवतात. ही ४ जीबी म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, आणि ती माझ्या २०१७ च्या कार्डाइतकीच. या कार्डांची पिढी नवी आहे, वेग जास्त आहे, हे मान्य. तरी आजच्या मोठ्या गेमना ४ जीबी तोकडी पडते. सेटिंग्ज खाली आणावी लागतात, नाहीतर चित्र अडखळतं. ४०५० मध्ये ६ जीबी मिळते, ४०६० मध्ये ८. नव्या ५० च्या मालिकेत लॅपटॉपच्या ५०५० लाही ८ जीबी आहे. माझ्या मते आज ६ च्या खाली उतरूच नये, आणि चार-पाच वर्षं काढायची असतील तर ओढाताण करून ८ गाठावी.

इथे स्वस्तातल्या गिऱ्हाइकाला दिलासा देणारी एक गोष्ट आहे. लॅपटॉपचा ४०६० आणि डेस्कटॉपचा ४०६० यांच्यात चिप एकच आहे, कोअरही ३०७२ च. महागातल्या ४०९० चं तसं नाही. लॅपटॉपमधल्या ४०९० च्या आत बसवलेली चिप डेस्कटॉपच्या ४०८० ची आहे. म्हणजे तीन लाख मोजणाऱ्यालाच नावाचा चकवा जास्त बसतो.

चिप एक असली तरी तिला वीज किती मिळणार, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. याला टीजीपी म्हणतात. ४०५० असो की ४०६०, ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत कितीवरही ते चालवता येतं. पातळ, देखण्या मशीनमध्ये ४५ वॉटवर बांधून ठेवलेला ४०६० हा जाडजूड मशीनमधल्या पूर्ण ताकदीच्या ४०५० ला मागे टाकेलच असं नाही. पूर्वी कमी विजेच्या कार्डाला 'मॅक्स-क्यू' असं वेगळं नाव तरी असायचं. २०२१ नंतर तो फरक नावात दिसेनासा झाला. आता आकडा कंपनीच्या तांत्रिक माहितीत, बारीक अक्षरात शोधावा लागतो.

"याचं कार्ड किती वॉटचं?" असं मी विचारलं, तर पोरगा म्हणाला, "सर, चार्जर १७० वॉटचा आहे." उत्तर चुकीच्या प्रश्नाचं होतं, पण कामाचं निघालं. १७० मधून प्रोसेसरचे चाळीस-पन्नास, स्क्रीन आणि पंख्यांचे थोडे वजा केले, की कार्डाच्या वाट्याला काय येत असेल याचा अंदाज बांधता येतो. १२० वॉटचा चार्जर देऊन कोणी ११५ वॉटच्या कार्डाच्या गप्पा मारत असेल, तर हसून पुढच्या दुकानात जावं. मशीन सुरू असेल तर आणखी सोपं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडली की कार्डाची कमाल वॉटसंख्या लिहिलेली दिसते. डेमोच्या मशीनवर हे बघू देत नाहीत, असं कोणी मला तरी म्हटलं नाही.

दुसरी कात्री रॅमवर. '१६ जीबी' लिहिलेलं असतं, पण ती आठ-आठच्या दोन पट्ट्यांत आहे की सोळाची एकच, हे लिहीत नाहीत. एकच असेल तर प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोनऐवजी एकच वाट उरते आणि काही गेममध्ये एफपीएस चांगलेच घसरतात. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. मागे यावर सोपा उपाय होता, कमी रॅमचा लॅपटॉप घ्यायचा आणि दुसरी पट्टी स्वस्तात बाहेरून टाकायची. आता तो हिशेब बिघडला आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार गिळायला सुरुवात केली आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले. क्रुशियल या नावाने आपल्याला सुटी रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबरात तो धंदाच बंद करायचं जाहीर केलं. म्हणून सध्या तरी मशीनसोबतच १६ जीबी घ्या. 'नंतर वाढवू'चा बेत महागात पडेल.

प्रोसेसरवर मात्र कात्री लागली तर लागू द्या. दुकानदार आय सेव्हनसाठी आग्रह धरतो, कारण ते नाव गिऱ्हाइकाला कळतं. या किमतीतल्या गेमिंग मशीनला आय फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह पुरे. वाचलेले पैसे कार्डात घाला. फक्त एएमडीच्या ७००० मालिकेतल्या आकड्यांकडे डोळा ठेवा. त्यातला पहिला आकडा विक्रीचं साल सांगतो, खरी पिढी तिसऱ्या आकड्यात असते. ७५३५ मधला ३ म्हणजे झेन ३ च्या घराण्यातलं, ७६४० मधला ४ म्हणजे झेन ४. सात हजारांत बसवलेला जुना माल ओळखायची खूण तेवढीच.

आता स्क्रीन. सगळ्यात निर्दयपणे कात्री चालते ती इथे. १४४ हर्ट्झ मोठ्या अक्षरात असतं आणि त्याखाली '४५ टक्के एनटीएससी' बारीक अक्षरात. एनटीएससी हे अमेरिकेतल्या टीव्हीचं १९५३ सालचं रंगांचं माप. ते प्रक्षेपण कधीच इतिहासजमा झालं, पण लॅपटॉप विकणाऱ्यांनी ते अजून जपून ठेवलं आहे. ४५ टक्क्यांचा स्क्रीन म्हणजे फिकट रंग. लाल विटकरी दिसतो, हिरवा वाळका. त्याऐवजी '१०० टक्के एसआरजीबी' लिहिलेलं असलं तर स्क्रीन चांगला समजावा. दोन मशीन शेजारी ठेवून एकच फोटो उघडला की फरक कळायला तज्ज्ञ लागत नाही.

डेस्कटॉप बदलणाऱ्याचा हिशेब इथे इतरांपेक्षा वेगळा होतो. घरी मॉनिटर आहेच. कीबोर्ड, माउस, स्पीकर आहेत. मग लॅपटॉपचा स्क्रीन भिकार असला तरी घरी तो मिटलेलाच राहणार. त्या जागची कात्री तुम्हाला फुकट सोसते. बाहेरचा मॉनिटर लावण्यात आणखी एक लाभ आहे. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचं भोक थेट मोठ्या कार्डाला जोडलेलं असतं. एरवी चित्र प्रोसेसरमधल्या छोट्या ग्राफिक्सकडून वळसा घेऊन स्क्रीनवर येतं. तो वळसा वाचला की वेग थोडा वाढतो. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर हा फायदा हवा असेल तर त्यात मक्स स्विच आहे का, ते विचारावं. मॉनिटर जुना व्हीजीएचा असेल तर कन्व्हर्टर लागेल. खरं तर तसा मॉनिटरच बदला.

माझ्या बाबतीत सांगलीला मॉनिटर नाही, म्हणून स्क्रीनवर तडजोड केली नाही. त्यापायी ४०६० सोडून ४०५० वर आलो. भाचा नाराज झाला. "मामा, दोन जीबीसाठी रडशील," म्हणाला. त्याचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर आहे. तो सायबरपंक खेळतो. मी खेळतो एज ऑफ एम्पायर्स आणि सवड मिळाली तर रेड डेड रिडम्प्शन २, ज्यात मी बहुतेक वेळ घोड्यावर बसून नुसता फिरत असतो. जीटीए ६ चा मुद्दा त्याने काढलाच. त्याची जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६ आहे आणि तीही प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नावही नाही. त्या गेमसाठी आज लॅपटॉप घेणं म्हणजे मुलगी बघायच्या आधी हॉल बुक करणं.

राहिली उष्णता. लॅपटॉप उलटा करून खालची जाळी बघा. मागे आणि बाजूला हवा बाहेर टाकायला मोकळ्या फटी किती आहेत ते बघा. मे महिन्यात खोलीतच ३८ अंश असताना पंखे आत ओढणार ती हवाही ३८ चीच. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, आणि मग तुमच्या वॉटांना अर्थ उरत नाही. मागची बाजू बोटभर उचलून धरणारा साधा स्टँड घ्या. गादीवर ठेवून खेळू नका. आवाज होतोच. पहिल्या रात्री सांगलीला आतल्या खोलीतून आईने विचारलं, "एवढ्या रात्री मिक्सर कशाला लावलायस रे?" तेव्हापासून रात्री सायलेंट मोड आणि हेडफोन.

बॅटरीवर गेम खेळता येईल या भ्रमात कोणी राहू नये. चार्जर काढला की कार्डाची वीज एकदम कमी होते आणि बॅटरीही तासाभरात मान टाकते. मशीन दोन-सव्वादोन किलोचं, त्यावर अर्ध्या किलोहून जड चार्जर. तो बरोबर न्यायचाच. बॅटरी खरी उपयोगी पडते वीज गेल्यावर. डेस्कटॉपला त्यासाठी यूपीएस लागायचा, नाहीतर इन्व्हर्टरवर जाता जाता मशीन बंद पडायचं. लॅपटॉपला कळतही नाही. सांगलीकडच्या विजेचा अनुभव असलेल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको. कायम चार्जरवर राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा.

पैशांचं थोडं. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये व्याजाएवढी सूट किमतीत देतात, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी येते. रक्कम मोठी नसते, पण 'नो कॉस्ट'ही नसतं. वॉरंटी ऑनसाइट आहे की मशीन घेऊन जावं लागतं, आणि आपल्या गावात सर्व्हिस सेंटर आहे का, हे विचारा. पुणे-मुंबईत हा प्रश्न सुचत नाही, सांगली-साताऱ्यात सुचतो. तीन वर्षं वापरलेला गेमिंग लॅपटॉप स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. बॅटरी संपत आलेली असते आणि पंख्यांनी आयुष्यभराची धूळ खाल्लेली असते.

आणि हे सगळं वाचून झाल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा. मशीन खरंच हलणार आहे का? वसतिगृहात जाणारं पोर, बदलीची नोकरी, दोन गावांतलं घर, असं काही असेल तर लॅपटॉप जरूर घ्या. ते एकाच टेबलावर बसून राहणार असेल, तर रॅम महागली असली तरी मॉनिटर-यूपीएस घरात असलेल्या माणसाने पुन्हा डेस्कटॉपच जुळवावा. त्याच पैशात तो जास्त वेगवान पडतो, कमी तापतो, आणि चार वर्षांनी त्यातलं नुसतं कार्ड बदलता येतं.