घरपट्टी भरली म्हणजे जागा आपली झाली काय?



पाऊस उघडला की आमच्याकडे येणाऱ्या माणसांचा विषय ठरलेला असतो. कोणाचा प्रॉव्हिडंट फंड हाती पडलेला असतो, कोणाला घरकुल मंजूर झालेले असते, कोणी पोटाला चिमटा काढून बारा-पंधरा वर्षे भिशी भरून चार पैसे जमविलेले असतात. पत्र्याचे खोपट मोडून पक्के घर बांधायचे असते. चांगला गवंडी सांगा, स्लॅबला किती खर्च येईल, लोखंड कोठे स्वस्त मिळेल, असे प्रश्न सुरू होतात. आम्ही मात्र आधी एकच विचारतो, जागा कोणाच्या नावावर आहे? मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून घरपट्टीच्या पावत्या बाहेर येतात. "दादा, माझा बाप भरत होता, आता मी भरतो. एक वर्ष चुकवलं नाही!"

पावत्या खऱ्या असतात, माणूसही खरा असतो. पण घरपट्टीची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हे कर आकारणीचे रजिस्टर आहे. त्या घराचा कर कोणाकडून वसूल करायचा, एवढ्यापुरती ती नोंद. ती लावून घेऊच नका असे आमचे म्हणणे नाही. वहिवाट दाखवायला, वीज मीटर घ्यायला ती उपयोगी पडतेच. परंतु अतिक्रमणातल्या घराचीही नमुना ८ ला नोंद असू शकते आणि शहरात विनापरवाना बांधकामालाही कर लागतो. कर भरल्याने ते बांधकाम कायदेशीर होत नाही. हे कोणी सांगत नाही आणि ज्या दिवशी नोटीस दारावर चिकटते त्या दिवशी कळून उपयोग नसतो.

आपल्या लोकांची घरे बहुधा तीन प्रकारच्या जागेवर उभी राहतात, गावठाणात, वतनाच्या जमिनीवर किंवा शहराच्या कडेला घेतलेल्या गुंठ्यावर. तिघांची दुखणी वेगळी, औषधेही वेगळी.

गावठाणाला सातबारा नसतो. जेथे नगर भूमापन झालेले आहे तेथे मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते. बऱ्याच गावांत ते नव्हतेच. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली, ड्रोनने गावठाणे मोजली जाऊ लागली आणि प्रत्येक घराची पत्रिका तयार होऊ लागली. येथे मुंबई-पुण्याला पोटासाठी गेलेल्यांनी कान उघडे ठेवावेत. मोजणीच्या वेळी जो हजर असतो तो बोलतो. कुलूपबंद घराचे कोण बोलणार? चौकशीच्या वेळी गावी जावे, नाव नीट लागले का पाहावे, चूक असल्यास मुदतीत लेखी हरकत द्यावी. आजोबांच्याच नावावर नोंद असेल तर आधी वारस नोंद करून घ्यावी. मयत माणसाच्या नावावर बांधकाम परवाना निघत नाही.

वतनाचा प्रश्न याहून जुना आणि खोल आहे. महार वतन ही जमीन नव्हे, गुलामीचा दोर आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले होते. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने नष्ट झाली आणि जमिनी त्याच वतनदारांना पुन्हा देण्यात आल्या, पण नवीन शर्तीवर. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले दिसते ते यामुळे. त्याचा अर्थ सरळ आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ही जमीन विकता येत नाही, बिगरशेतीसाठी वापरायची तर परवानगी लागते आणि नजराणाही भरावा लागतो. शर्तभंग झाला तर जमीन सरकारजमा होण्याची तलवार डोक्यावर लटकते.

ही अट आपल्या जमिनी आपल्याच हाती राहाव्यात म्हणून आहे. व्यवहारात काय होते? एका सातबारावर तीस-चाळीस नावे, निम्मे लोक मयत, उरलेले कल्याण, नाशिक, भुसावळला. त्यांतला एक चुलतभाऊ अडीअडचणीत सापडतो आणि 'माझ्या हिश्शाचा' एक गुंठा साध्या कागदावर कोणाला तरी देऊन टाकतो. घेणाराही पुष्कळदा आपलाच असतो. दोघेही गरीब आणि दोघेही फसतात. कोणता गुंठा कोणाचा, हे वाटप झाल्याशिवाय ठरतच नाही. म्हणून वतनाच्या जमिनीवर घर बांधायचे असेल तर ज्या दिवशी सगळे भाऊबंद लग्नकार्याला एकत्र येतात त्या दिवशी अर्धा तास बाजूला बसा. वारस नोंदी, मग रीतसर वाटप, मग परवानगीचा अर्ज, हा क्रम धरा. या कामाला दोन-तीन वर्षे लागतात, हे खोटे नाही. पण घर साठ वर्षांसाठी बांधायचे आहे.

आता तिसरे, गुंठ्याचे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेहतीस बाय तेहतीस. शहराच्या हद्दीबाहेर शेत विकत घेऊन चुन्याच्या रेघा मारायच्या, फाट्यावर पाटी लावायची आणि 'रोड टच, एनए प्लॉट, सुलभ हप्ते' म्हणून विकायचे, हा धंदा सर्वत्र जोरात आहे. गिऱ्हाईक कोण? रिटायर झालेला सफाई कामगार, मिलचा कामगार, रेल्वेचा गँगमन. आमच्या परिचयातील एका गृहस्थाने सगळा फंड घालून असाच प्लॉट घेतला. हाती आला तो नोटरी केलेला कागद. दोन खोल्या बांधल्या, पैसे संपले, म्हणून बँकेत गेले. बँकेने मंजूर नकाशा मागितला. तो काढायला गेले तेव्हा कळले की, विकास आराखड्यातला रस्ता त्यांच्या स्वयंपाकघरातून जातो. विकणाऱ्याचा फोन तोवर बंद झालेला होता.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपयांवरची स्थावर मिळकत विकायची तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवावेच लागते. कुलमुखत्यारपत्रावर विकत घेतलेल्या जागेची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट सांगितले आहे. पाटीवर 'एनए' लिहिले म्हणून जमीन बिगरशेती होत नाही. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागावी, मंजूर रेखांकनाची प्रत मागावी, ती घेऊन स्वतः कार्यालयात जावे. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढावा. शे-दोनशे रुपयांच्या कागदाने चार-पाच लाख वाचतात. विकणारा म्हणाला की, "एवढा विश्वास नाही का?", तर तेथूनच परत फिरावे.

ज्यांनी पूर्वीच असे गुंठे घेतले आहेत त्यांनी हातपाय गाळू नयेत. त्यांच्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. आधी तो १ जानेवारी २००१ पर्यंतच्या गुंठ्यांना लागू होता. २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. ठराविक शुल्क भरून असे भूखंड आणि त्यांवरची बांधकामे नियमित करून घेता येतात, अर्थात सरकारी किंवा आरक्षित जागेवर नसतील तर. पाच-दहा शेजाऱ्यांनी मिळून मोजणी आणि अर्ज केला तर खर्चही वाटला जातो आणि साहेबांसमोर एकटे उभे राहावे लागत नाही.

जागेचा कागद साफ झाला की मग बांधकाम परवानगी. प्रथम ती कोणाकडून घ्यायची ते विचारावे. सर्वत्र ग्रामपंचायतच परवानगी देते असे नाही. सिडको, एमआयडीसी, महानगर प्रदेश प्राधिकरण अशी कार्यालये आपापल्या हद्दीत वेगळी असतात आणि हद्दीबाहेरच्या सरपंचाची सही तेथे चालत नाही. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिने लहान भूखंडांची वाट बरीच सोपी केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर पूर्वीसारखे महिनोन्‌महिने थांबावे लागू नये, परवानाधारक इंजिनिअरच्या सहीचा नकाशा, मालकीचे कागद आणि शुल्क दाखल केल्याची पोच हीच परवानगी धरावी, अशी व्यवस्था आहे. ३०० चौरस मीटरपर्यंतच्या प्रकरणांतही निर्णय लवकर व्हावा अशी तरतूद आहे. पण सवलत नियमांतल्या घराला आहे. बाजूचे अंतर सोडले नाही, उंची वाढवली, तर पोच हातात असूनही बांधकाम बेकायदाच.

इंजिनिअर निवडताना सही विकणारा नको. आमच्या पाहण्यात असे नकाशे आले आहेत की, कागदावर चारी बाजूंनी मोकळी जागा आणि प्रत्यक्षात भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला खेटून. फी थोडी अधिक गेली तरी चालेल, पण जागेवर येऊन आखणी करून देणारा, जोत्याच्या वेळी पुन्हा येणारा माणूस धरा. जोते तपासून घेणे व काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घेणे, या दोन गोष्टी लोक विसरतात. परवानगी एक वर्षाची असते. त्यात काम सुरू झाले नाही तर ती वाढवून घ्यावी लागते. आणि आम्ही कारकून असल्याने एक गोष्ट हट्टाने सांगतो, पोच घेतल्याशिवाय कोणताही कागद टेबलावर ठेवून येऊ नका. शिक्का, सही, तारीख. तोंडी "ठेवून जा" म्हणणारा उद्या बदलून जातो. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने ठराविक सेवांना मुदत घातलेली आहे. मुदत मोजायची ती पोचेवरच्या तारखेपासून.

घरकुलवाल्यांचे वेगळे सांगावे लागेल. रमाई आवास असो वा पंतप्रधान आवास, पैसे टप्प्याटप्प्याने येतात. पाया, खिडकीची पातळी, छत, अशा टप्प्यांचे फोटो झाल्यावर पुढचा हप्ता. कागदोपत्री मंजुरी मिळाली म्हणून जुने घर पाडू नका. पहिला हप्ता खात्यात आणि आखणी जागेवर, मगच कुदळ. दुसरी चूक तर गावोगावी उभी आहे, पाहून घ्या. घरकुलाचे मोजमाप किमान २६९ चौरस फूट. पण हौसेने सहाशे फुटांचा पाया घातला जातो, पहिला हप्ता जमिनीतच संपतो आणि भिंती खिडकीपर्यंत येऊन थांबतात. पुढचा हप्ता मिळायला काम पुढे जावे लागते आणि काम पुढे न्यायला पैसे नसतात. सावकार अशा वेळीच भेटतो. पाया आज झेपेल तेवढाच घाला, मागे एक खोली वाढवायची जागा सोडा. ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांनी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेची पंचायत समितीत चौकशी करावी. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी पूर्वी पन्नास हजार मिळत, ते वाढवून एक लाखापर्यंत केले गेले. घरकुल लाभार्थ्यांना पाच ब्रासपर्यंत वाळू विनामूल्य देण्याचे शासनाचे धोरण आहे. तीही लेखी मागावी.

बांधकामाबाबत थोडेच लिहितो, आपल्यात गवंडी काही कमी नाहीत. गवंड्याशी करार करताना फुटाचा भाव कशात धरला, ओटा आणि जिना त्यात आहे का, सेंट्रिंगचे साहित्य कोणाचे, हे लिहून घ्यावे. काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावा. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतीला तडे देते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात माती-दगडाच्या जाड भिंती व माळवदाखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दारा-खिडक्यांवरून चारी भिंतींना सलग फिरणारा सिमेंट-लोखंडाचा पट्टा घालायला फार खर्च येत नाही. तो घालाच. स्लॅबवर पाणी मारण्याचे काम मुलांवर सोडू नये. किमान दहा दिवस स्लॅब ओला राहिला पाहिजे.

शेवटी घरातली गोष्ट. वडिलांच्या जागेवर भाऊ घर बांधतो तेव्हा बहिणीला बोलावून, जेवू घालून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. २००५ च्या दुरुस्तीनंतरचा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि बहिणीचा हिस्सा भावाइतकाच आहे. तिने सोडला तर तो तिने समजून-उमजून सोडलेला असावा. बदल्यात काय ठरले तेही कागदावर यावे. आणि नव्या घराच्या नमुना ८ वर पती-पत्नी दोघांची नावे लावता येतात. ग्रामसेवक नको म्हणाला तरी अर्ज द्या. दारूपायी विकली गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. जेथे बाईचे नाव होते तेथे खरेदीदार उंबऱ्यावरूनच परत गेला.

वतन जमिनीच्या वारस नोंदींबाबत काही वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढील अंकी देऊ. पत्रासोबत सातबाराची झेरॉक्स जोडावी, मूळ कागद पाठवू नये.