निरोपाची पेटी

निरोप समारंभ जवळ आला की शाळेत एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो : दहावीच्या मुलांना भेट काय द्यावी? उत्तरही ठरलेलेच असते. तालुक्याच्या दुकानातून सोनेरी मुलाम्याची प्लास्टिकची स्मृतिचिन्हे येतात, त्यांवर शाळेचे नाव चिकटवलेले असते आणि दोन पावसाळ्यांत ते नाव गळून पडते. या शाळेचा विद्यार्थी म्हणून आणि आता शिक्षक म्हणून मिळालेली अशी तीन चिन्हे माझ्या कपाटावर आहेत. कोणते कशाचे, हे आता मलाही सांगता येत नाही. माझे स्पष्ट मत असे की, ही खरेदी थांबवावी आणि नववीच्या मुलामुलींनी स्वतःच्या हातांनी केलेली एकेक लाकडी पेटी दहावीच्या प्रत्येकास द्यावी.

पेटीच का, हे वसतिगृहात राहिलेल्यांना सांगावे लागू नये. सामायिक खोलीत आपली म्हणावी अशी एकच जागा असते, खाटेखालची पत्र्याची ट्रंक. घरून आलेले पत्र, संपत आलेला चिवडा आणि कोणाला दिसू नये असे रडणे, हे सारे त्या एका झाकणाआड राहते.

ही कल्पना मी पालकसभेत मांडली तेव्हा एक वडीलधारे पालक उठून म्हणाले, “सर, आमच्या पिढ्यान्‌पिढ्या हातानेच राबल्या. पोरांना इथे ठेवलं ते पुस्तकासाठी, रंधा मारायला नव्हे.” सभा स्तब्ध झाली. मलाही तत्काळ उत्तर सुचले नाही, आणि ते सुचले नाही हे बरेच झाले. ज्यांच्यावर श्रम लादले गेले, त्यांनाच श्रमप्रतिष्ठेचे प्रवचन देणे फार स्वस्त असते.

तरीही मला वाटते की, त्या गृहस्थांचा राग रास्त असला तरी तो रंध्यावर नसावा. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जो घाव घातला, तो कामावर नव्हता; माणसाची आवड व कुवत न पाहता जन्मावरून काम नेमून देणाऱ्या व्यवस्थेवर होता. सावंतवाडीचेच पाहा. तेथे दशावतारी गंजिफेची १२० गोल पाने ज्या लाकडी पेटीत ठेवतात, ती पेटीही पानांइतक्याच निगुतीने रंगवलेली असते. हे काम चितारी समाजाचे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला लोपू लागली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी एका वृद्ध चितारी कारागिराकडून ती स्वतः शिकून घेतली. राजघराण्यातील माणसे कारागिराची शिष्य होऊ शकतात, तर आमच्या मुलांनी हवे ते कसब हवे म्हणून का शिकू नये?

मात्र एक अट आहे. या पेट्या विकून शाळेस निधी उभारावा, अशी सूचना एका हितचिंतकांनी केली. माझा तीस ठाम विरोध आहे. किंमत आली की मागणी येते, मागणीबरोबर संख्या, आणि मग त्या पालकांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरते.

गेल्या उन्हाळ्यात सहा जणांनी नमुन्यादाखल पेट्या केल्या. भांडारातल्या मोडक्या सागवानी खाटांच्या फळ्या त्यांनी वापरल्या. चारही बाजू एकाच फळीतून ओळीने कापल्या, म्हणजे लाकडाच्या रेषा कोपऱ्यावरून अखंड वळतात. पेटी आधी सहाही बाजूंनी बंद करून मग करवतीने झाकण वेगळे केले. त्यामुळे ते जिथल्या तिथे बसते. चूक झाली ती तळाशी. तळाची फळी सर्वांनी सरसाने पक्की चिकटवली होती. जुलैत दोन पेट्यांचे कोपरे उकलले. लाकूड हवेतील ओल पिऊन फुगते ते रेषांच्या आडव्या दिशेने, लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून तळ खाचेत मोकळा सोडावा लागतो. विज्ञानाच्या तासाला मी हे दोनदा सांगितले असते आणि मुलांनी दोनदा विसरले असते.

नक्षी मुलांवर सोडावी, असे माझे मत आहे. कमळे आणि वेलबुट्ट्या येतीलच, पण एका मुलीने झाकणावर पाण्याची टाकी आणि नळापुढची बादल्यांची रांग रंगवली. शेवटची बादली आडवी पडलेली आहे. वर चपड्या लाखेचे पातळ हात दिल्याने रंग खुलले आहेत. त्या पालकांनी ती पेटी बराच वेळ हातात धरली, झाकण उघडून मिटून पाहिले आणि काही न बोलता परत केली. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही.

लाकूड आहे, ओसरी आहे, उणीव आहे ती हत्यारांची. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी जुना रंधा, पटाशी वा गुण्या पडून असेल, तर मेळाव्यास येताना अवश्य आणावा. पटाशीस धार लावून आणल्यास अधिक उत्तम.