घोडं, पेंड आणि कॅट्स अँड डॉग्ज

गेल्या सेमिस्टरमधली गोष्ट. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये मॉक जीडी चालू होती. माझा रूममेट (मेकॅनिकल, दहावीपर्यंत मराठी मीडियम) धावतपळत आला आणि म्हणाला, "सॉरी, इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज." सगळे हसले. मीही हसलो. नंतरची वीस मिनिटं तो एक शब्द बोलला नाही.

खरं सांगू? त्याचं काहीच चुकलं नव्हतं. वाक्य बरोबर, अर्थ बरोबर. फक्त हा वाक्प्रचार हल्ली बोलताना फारसं कोणी वापरत नाही. आपल्या ग्रामरच्या पुस्तकांत मात्र तो अजून धो-धो कोसळतोय!

त्याच आठवड्यात माझा प्रोजेक्ट अडकला. तो म्हणाला, "घोडं कुठं पेंड खातंय ते बघ आधी." मी विचारलं, "कुठलं घोडं?" तो हसला नाही. शांतपणे अर्थ सांगितला. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी मराठी बोलणारा मी, आणि माझी ही अवस्था!

मग आमचं ठरलं. त्याने मला मराठी शिकवायचं, मी त्याला इंग्लिश. शंभर इडियम्सची झेरॉक्स आणून पाठ करायचा उद्योग आम्ही दोन दिवसांत सोडला. त्याऐवजी आपल्या लॅबमधलेच इडियम्स शोधले. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जादा वाफ सोडतो, तसं मनातलं भडाभडा बोलून मोकळं होणं म्हणजे 'लेट ऑफ स्टीम'. वाफच संपली, उत्साह मावळला, तर 'रन आऊट ऑफ स्टीम'. संताप अनावर झाला की 'ब्लो अ फ्यूज'. दोघांचं छान जुळलं तर 'ऑन द सेम वेव्हलेंग्थ'. हे त्याला पाठ करावे लागलेच नाहीत. मशीन माहीत होतं, अर्थ आपोआप कळला.

आणि आम्ही कॉन्व्हेंटवाले तरी कुठे शहाणे? "आय पास्ड आऊट फ्रॉम धिस कॉलेज" असं आम्हीही ठोकून देतो. आपल्याकडे ते चालतं, पण अमेरिकेत ऐकणाऱ्याला वाटेल की हा कॉलेजात चक्कर येऊन पडला!

म्हणून माझं मत असं. इडियम पाठ करू नका. तो कोण, कुणाला, कधी म्हणतो ते ऐका. आठवड्याला दोन पुरेत. मित्राशी बोलताना वापरून बघा, एचओडींच्या अर्जात नको. आणि इंटरव्ह्यूत सुचला नाही, तर साधं "इट वॉज रेनिंग हेव्हिली" म्हणा. त्यात काही कमीपणा नाही.

पण या सगळ्याआधी आपण एक करायला हवं. समोरचा चुकला की हसणं बंद. त्या दिवशी आम्ही हसलो आणि एक चांगला बोलणारा मुलगा गप्प बसला. ते नुकसान कुठल्याही झेरॉक्सने भरून निघत नाही.

बघा, पटतंय का!