खालून खणली तरी जमीन आमचीच



"खाण जमिनीच्या खाली आहे, वरचं शेत-जंगल तसंच राहील," असं गावागावांत सांगतात. आमचं म्हणणं, हे अर्धंच सांगणं आहे.

कोळशासाठी आधी तिरपा बोगदा नाहीतर सरळ विहिरीसारखा खड्डा खोदतात. मग थरात गल्ल्या पाडतात, मधे कोळशाचेच खांब सोडतात. तोवर छत टिकतं. पण शेवटी ते खांबही काढतात. पोकळीत वाळू भरली नाही तर छत बसतं, वर भेगा पडतात, शेत खचतं. खालचं पाणी रात्रंदिवस पंपानं उपसतात, त्यानं आसपासच्या विहिरी आटतात. पाणीच गेलं तर वरचं शेत ठेवून करायचं काय?

खाण बंद पडली म्हणून धोका संपत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अख्खं घर जमिनीत गडप झालं. खाली जुनी खाण होती.

म्हणून तोंडी भरवशावर अंगठा देऊ नका. ग्रामसभेत विचारा : खांब काढणार का? वाळू कुठल्या नदीची आणणार? विहीर आटली तर पाणी कोण देणार? खाण सोडून गेल्यावर जबाबदार कोण?

जंगल अन् पाण्याचे साठे राखायचा अधिकार वनहक्क कायदा २००६, कलम ५ नं ग्रामसभेला दिलाय. तो वापरा. लेखी उत्तर नाही, तर ठराव नाही. प्रश्न अन् उत्तरं दोन्ही ठरावाच्या वहीत लिहा. वही गावातच ठेवा.